एकच चालणं, तीनदा मोजलेलं

आमचे हे जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं आणि मला निवृत्त होऊन दुसरं, तेव्हा मुलानं हैदराबादहून मनगटावर बांधायचं ते घड्याळ पाठवलं. वेळ दाखवतं म्हणून घड्याळ म्हणायचं, एरवी त्याचं काम वेगळंच. किती पावलं चाललो, नाडी किती, झोप किती लागली, अंगातल्या किती कॅलरी जळल्या, सगळं ते टिपून ठेवतं आणि फोनला सांगतं. माझ्या रक्तात साखर वाढू लागली होती. डॉक्टरांनी चार किलो वजन उतरवायला सांगितलं होतं, गोळ्या नंतर बघू म्हणाले होते. ही बातमी मुलाला फोनवर कळली आणि आठव्या दिवशी डबा दारात.

मी बालाघाटच्या मुलींच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. शिकवणं हिंदीतून, घरात बोलणं मराठी. मुलगा दोन्हीच्या मधोमध वाढला. तो माझ्याशी मराठीत सुरुवात करतो आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोहोचतो. त्याच दिवशी दुपारी त्यानं व्हिडिओ कॉल लावून मला घड्याळ जोडायला शिकवलं. फोनमध्ये जेवणाची नोंद ठेवायचं एक ॲपही घालायला लावलं. काय खाल्लं ते त्यात लिहायचं, आणि दिवसाला किती खायची मुभा आहे ते ॲप सांगणार. वय, उंची, वजन विचारून झालं. मग त्यानं स्क्रीनवरचा पुढचा प्रश्न वाचला.

"आई, दिवसभर तू कशी असतेस? बसून, थोडी हालचाल, की कायम कामात?"

खरं उत्तर होतं, बसून. सकाळी फिरून आले की एका माणसाचा स्वयंपाक, तो तासाभरात होतो. मग पेपर. मग खिडकीपाशी. दुपारी भांडीवाली येते तेवढं बोलणं. हे त्याला ऐकवावं असं वाटलं नाही. त्याच्यामागे सूनबाई उभी होती, तीही ऐकत होती.

"कामातच असते मी," म्हटलं. "बसायला वेळ कुठे मिळतो?"

"बढिया," तो म्हणाला आणि मला ते तिसरं बटण दाबायला लावलं.

घड्याळ येण्याआधी त्याचा रोज संध्याकाळी फोन यायचा. ऑफिसातून घरी जाताना गाडीतून. तीन प्रश्न ठरलेले. जेवलीस का, गोळी घेतलीस का, फिरायला गेलतीस का. गोळी रक्तदाबाची, ती जुनी आहे. मी तिन्हीला हो म्हणायची, तो बरं म्हणायचा. चार-पाच मिनिटांचा कारभार. पण त्या फोनच्या आधी मी टीव्हीचा आवाज कमी करून ठेवायची आणि पाणी पिऊन घ्यायची, घसा साफ असावा म्हणून. दिवसभर बोललं नाही की पहिला शब्द खरखरीत निघतो, आणि मग त्याला वाटायचं मला सर्दी झाली.

घड्याळ आल्यावर त्याच्या फोनवर माझे आकडे दिसू लागले. आई उठली, आई चालली, आई झोपली. त्याच्या प्रश्नांची उत्तरं विचारायच्या आधीच मिळू लागली. फोन एक दिवसाआड झाला, मग रविवारचा राहिला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला मी बरी आहे हे कळायला हवं होतं, आणि ते कळत होतं. मला काय हवं होतं ते मीही कधी तोंडानं सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस मला एक गोष्ट सापडली. मैदानावरून फिरून आले होते, बूट पायातच होते, आणि फोनमध्ये सकाळचा चहा लिहीत होते. बोट जरा खाली गेलं आणि 'व्यायाम जोडा' असं उघडलं. मी आपलं लिहिलं, चालणे, पंचेचाळीस मिनिटं. दोन मिनिटांत फोन वाजला. मुलाकडून अंगठा आला होता, वर केलेला. घड्याळ पावलं मोजायचं ते मुकाट्यानं मोजायचं, दिवस संपल्यावर त्याला एक बेरीज दिसायची. पण हातानं काही लिहिलं की त्याच्या फोनवर लगेच सूचना जायची. आणि तो, जिथं असेल तिथून, अंगठा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहिलं. पुन्हा अंगठा. मग रोजच. मैदानावरून आले की दारातल्या स्टुलावर बसायचं, बूट काढायच्या आधी लिहायचं, आणि फोन मांडीवर ठेवून वाट बघायची. कधी दोन मिनिटं लागायची, कधी वीस. एकदा दुपारी एकला आला, तोवर माझं कशात लक्ष लागलं नव्हतं.

आता ॲपचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्यात एक आकडा सारखा समोर असायचा, आज अजून किती खाता येईल. सकाळी उठल्यावर तो साडेचौदाशे दाखवायचा. मी चालून आले की तो वाढायचा, कारण चालण्यात जेवढं जळलं तेवढं खायला मोकळीक. मी एका चालण्याला एकशे ऐंशी गृहीत धरून होते, पण वाढ दिसायची तीनशे साठची. मला वाटलं, माझा वेग चांगला असेल.

आणि मी आज्ञाधारक बाई. आयुष्यभर अभ्यासक्रम पूर्ण केला, कधी धडा राहू दिला नाही. संध्याकाळी ॲप म्हणायचं, चारशे उरले आहेत. हे होते तेव्हा आमच्या घरात रात्रीचं जेवण साग्रसंगीत व्हायचं. ते जंगल खात्यात होते, दौऱ्यावरून यायचे आणि ताटावर बसून दिवसभराचं सांगायचे. ते गेल्यावर मी दूध-पोहे, नाहीतर सकाळचाच भात दह्याशी, असं करून मोकळी व्हायची. एका माणसापुरता भात कुकरमध्ये धड शिजतच नाही, तळाशी लागतो. पण आता मला कोणीतरी जेव म्हणत होतं. आकडा का असेना, म्हणत तर होतं. मी चिन्नोर तांदळाची खीर केली. बेसनाच्या पातोडीची भाजी केली, कित्येक दिवसांनी. वाटीभर जास्तीचं वरण, त्यावर तूप. सगळं मोजून, इमानदारीनं लिहून. एकही घास मी लपवला नाही. चारशे उरले असले तर तीनशे नव्वद खायची, दहा राखून ठेवायची.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेले. वजन बहात्तर होतं ते चौऱ्याहत्तर भरलं. साखर आधीपेक्षा वर.

डॉक्टर तरुण आहेत, स्वभावानं चांगले आहेत. त्यांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. मी फोन काढून त्यांना महिन्याची नोंद दाखवली. रोजचं चालणं, रोजचं खाणं, एकही दिवस कोरा नाही. त्यांनी नोंद पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, आप पूरा लिख रही हैं ना? जो खाती हैं, सब?"

"सब लिखती हूँ।"

"घर में और कोई है, जो देख सके आप क्या खाती हैं?"

"नहीं," मी म्हटलं.

त्यांनी गोळी लिहून दिली. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती, त्यात माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी होत्या, त्यांनी नमस्ते मॅडम म्हटलं. मी हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य कानात राहिलं. मी खोटं लिहिते असं कोणाला वाटावं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदा घडत होतं. आणि तसं नाही हे सांगायला घरात साक्षीदारही नव्हता.

पुढचे काही दिवस मी मैदानावर पाऊण तासाऐवजी सव्वा तास चालले. गुडघा दुखू लागला. त्या दुखण्यामुळेच मी एका सकाळी फेरी अर्धवट सोडून पायऱ्यांवर बसले, आणि तिथं सिस्टर भेटल्या.

त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, तिरोडीकडच्या एका खेड्यातल्या. मैदानावर त्या मला वर्षभर दिसत होत्या, पण आम्ही मान हलवण्यापलीकडे गेलो नव्हतो. त्या नेहमी एकट्या चालायच्या आणि कोणी बोलायला आलं की वेग वाढवायच्या. त्या दिवशी माझा हात गुडघ्यावर पाहून स्वतःच थांबल्या.

"काय झालं मॅडम? गुडघा भरला काय?"

"हौ. जास्त चालली मी."

"काहून जास्त?"

मी सांगितलं. वजन, साखर, डॉक्टर काय म्हणाले ते. का सांगितलं कोणास ठाऊक. त्यांच्याही मनगटावर तसंच घड्याळ होतं, थोडं जुनं, काच एका कोपऱ्यात तडकलेली. त्या बाजूला बसल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "दाखवा बरं तुमचा फोन."

मी मागच्या महिन्यातल्या एका दिवसाचं पान उघडून दिलं. त्यांनी बोटानं एकेक ओळ खाली सरकवली, दवाखान्यात पेशंटचा कागद पाहत असतील तशी.

"हे पहा. घड्याळाचं चालणं, सकाळी सहा ते पावणेसात. एकशे ऐंशी. अन् हे खाली परत चालणं, पंचेचाळीस मिनिटं. हे कोणतं? संध्याकाळी गेलते काय?"

"नाही. ते तेच. मी हातानं लिहिलं."

"हातानं काहून लिहिता? घड्याळ तं लिहूनच राह्यलं."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"तुम्ही एकदा चालल्या अन् दोनदा मांडलं," त्या म्हणाल्या. "ॲपले काय समजते? त्याले वाटलं बाई दोनदा गेली. तुम्ही त्या दुसऱ्या चालण्याचं जेवून राह्यल्या."

मला हसू आलं नाही. कान गरम झाले. वर्षानुवर्षं मी अकरावीच्या मुलींना हेच गणित घातलं होतं. वर्गात इतक्या मुली कबड्डी खेळतात, इतक्या खो-खो, इतक्या दोन्ही, तर खेळणाऱ्या एकूण मुली किती. आणि दरवर्षी निम्मा वर्ग दोन्ही खेळणाऱ्या पोरींना दोनदा मोजायचा. मी फळ्यावर खडू आपटून सांगायची, अगं, ती पोरगी एकच आहे, तिला दोनदा कशी उभी करतेस?

"पण काहून लिहिता, ते सांगा ना," सिस्टर म्हणाल्या. "घड्याळावर भरोसा नाही काय?"

"सवय," मी म्हटलं. "वहीत लिहायची सवय."

त्यांनी माझ्याकडे थोडं जास्त वेळ पाहिलं आणि विषय सोडला. मग स्वतःचं सांगू लागल्या. घरी सात माणसं. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं. "इथं येते तं कोणी आवाज देत नाही, म्हणून येते," त्या म्हणाल्या. "घड्याळ फिड्याळ सुनेनं बांधून देल्लं. मले त्याचं काही नाही." मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा हेवा करत होते आणि त्या बहुधा माझा.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. दोनदा मोजलेलं एकदा करायचं, एवढंच काम आहे असं वाटलं होतं. एक दिवस मी हातानं काहीच लिहिलं नाही. वाढ तीनशे साठची एकशे ऐंशीवर आली. ठीक. पण सकाळचा तो साडेचौदाशेचा आकडा मला खटकू लागला. सिस्टर माझ्याच वयाच्या, वजनानं माझ्याहून थोड्या जड, आणि पायऱ्यांवर त्यांनी फोनवर दाखवलेला त्यांचा आकडा बाराशेच्या आसपास होता. अडीचशे मला कुठून जास्तीचे मिळत होते?

मी सेटिंगमध्ये शिरले आणि चष्मा लावून एकेक ओळ वाचली. तिथं लिहिलेलं होतं, दैनंदिन हालचाल, कायम कामात. त्या उत्तरावरून ॲपनं मला रोजचीच, न चालताच, भरपूर हालचाल करणारी बाई धरलं होतं. दिवसभराची धावपळ त्यानं सकाळीच हिशेबात घेतली होती. त्यावर घड्याळ तेच चालणं पुन्हा घालत होतं. त्यावर मी हातानं. पंचेचाळीस मिनिटांचं एक चालणं आणि तीन ठिकाणी त्याची नोंद. आणि घड्याळाच्या एकशे ऐंशीतही, मी त्या वेळात नुसती खुर्चीत बसून राहिले असते तरी जे जळालंच असतं, ते धरलेलं होतं. म्हणजे तेही सगळं खायचं नव्हतं.

उपाय सोपा होता. चालण्याचं काम घड्याळाकडेच ठेवायचं. हातानं फक्त तेव्हाच लिहायचं, जेव्हा घड्याळ मनगटावर नसेल. आणि घड्याळ चालणं मोजतंय, तर मूळ उत्तर 'बसून' असं द्यायचं, म्हणजे खरी हालचाल तेवढीच वर चढेल. वर चढलेलंही पुरतं खायचं नाही, निम्मं सोडून द्यायचं.

दुपारचे तीन वाजले होते. भांडीवाली येऊन गेली होती. मी त्या तीन बटणांकडे बराच वेळ पाहत बसले. मग पहिलं दाबलं. बसून. ॲपनं विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. आकडा बाराशेवर आला.

त्या दिवसापासून मी स्टुलावर बसणं बंद केलं. फिरून आले की बूट काढून सरळ आत. पहिल्या दिवशी अंगठा आला नाही, येणारच नव्हता. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे त्याच्या ऑफिसच्या ऐन वेळेला, फोन वाजला.

"आई, तू बरी आहेस ना?"

"हो. का रे?"

"तीन दिवस झाले, आधाच दिसतंय. आणि टार्गेट पण कमी झालंय. गिर गई क्या? पाय? खरं सांग."

त्याचा आवाज चिरका झाला होता. मागे कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला, तो मीटिंगमधून बाहेर आला असावा. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. घड्याळाचं चालणं, हाताचं चालणं, सेटिंगमधली चूक. कोणत्या आकड्यात काय आधीच धरलेलं आहे ते. मी शिक्षिकेच्या आवाजात बोलत होते, त्यामुळे सोपं गेलं.

"म्हणजे तू ठीक आहेस," तो शेवटी म्हणाला.

"ठीक आहे."

"बस, मग झालं." आणि तो आत गेला. मी हातानं का लिहीत होते ते त्यानं विचारलं नाही. मीही नाही सांगितलं. पण त्या दिवशी मी दुपारभर घरात गुणगुणत होते, हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, आणि लाजही वाटली. मुलगा घाबरला होता आणि मला बरं वाटत होतं.

डिसेंबरात गोंदियाला माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मुलगा एकटाच आला, लग्न आटोपून दोन दिवस बालाघाटला राहिला. सूनबाईला सुटी नव्हती. पहिल्या सकाळी तो माझ्याबरोबर मैदानावर आला. धुकं होतं, समोरचा माणूस दहा पावलांवर दिसायचा. वैनगंगेकडून गार हवा येत होती. तो तिसऱ्या फेरीला दमला. हैदराबादला त्याला चालणं होत नाही, दिवसभर खुर्ची. आम्ही पायऱ्यांवर बसलो. सिस्टर दुरून गेल्या, त्यांनी हात केला आणि मुद्दामच थांबल्या नाहीत.

त्यानं फोन काढून मला दाखवला. त्यात माझे जुने महिने होते.

"हे बघ," तो म्हणाला. "हातानं लिहिलेलं असलं की बाजूला छोटी पेन्सिल येते. घड्याळाचं असलं की घड्याळ."

मी पाहिलं. ऑगस्ट, सप्टेंबर, रोज एक घड्याळ आणि रोज एक पेन्सिल. माझ्या फोनमध्येही तसं असणार, मी कधी बघितलंच नव्हतं.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं. माझ्या तोंडून घरातली बोली निघाली.

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

तो हाताच्या बोटांकडे बघत राहिला. त्याच्या वडिलांची सवय ती. "सांगितलं असतं, तर तू लिहिणं बंद केलं असतंस," तो म्हणाला. "ती पेन्सिल आली की कळायचं, आई घरी पोहोचली. आणि तिनं मला लिहिलंय. ॲपला नाही, मला. मी मीटिंगमध्ये असलो तरी टेबलाखालून अंगठा द्यायचो."

मी त्याच्या हातातून फोन घेऊन ती पेन्सिल पुन्हा पाहिली.

"मला वाटलं, तू फक्त लिहितेस," तो म्हणाला. "वो सब खा भी रही है, ये नहीं पता था, आई. तुझी शुगर वाढली ती माझ्यामुळे."

"खाल्लं मी. तू नाही भरवलं."

थोडा राग आला होता मला, खोटं कशाला सांगू. आपण ज्याला आपली चोरी समजत होतो ती समोरच्याला रोज दिसत होती, याचा राग. आणि त्याला दिसत होतं तर मग एक फोन का नाही केला, हाही. अंगठा द्यायला जितका वेळ लागतो त्याहून फार जास्त लागला नसता. पण तो मुलगा माझाच आहे. मीही तोंडानं न सांगता पेन्सिलीनं सांगत बसले होते.

"तू फोन करत जा," मी म्हटलं. एवढं वाक्य बोलायला मला तीन वर्षं लागली होती.

"कधी करू?"

"केव्हाही."

"केव्हाही म्हटलं की होत नाही, आई. दिवस सांग. कॅलेंडरमध्ये टाकतो."

मी बुधवार सांगितला. त्यानं तिथंच बसून बुधवार, सकाळी अकरा, असं टाकलं. वर 'आई' असं लिहिलं आणि पंधरा मिनिटं धरली. मी त्याच्या मीटिंगांच्या रांगेत एक होऊन बसले, हे पाहून मला हसावं की काय करावं कळेना. पण मी ते पान नीट पाहून घेतलं.

तो गेल्यावर घर पूर्वीसारखं झालं. दोन दिवस मी मुद्दाम मोठ्या कुकरमध्ये भात लावला होता, तो कुकर घासून पुन्हा वरच्या फळीवर ठेवला. बाराशे-साडेबाराशेत राहणं सुरुवातीला जड गेलं. रात्री 'उरले शून्य' असं दिसायचं, तेव्हा कोणी जेव म्हणत नाही असं वाटायचं. मग मी सहा वाजताच जेवू लागले, उजेड असताना, अंगणाकडच्या दारात बसून. रस्त्यावरून माणसं जातात. एखादी जुनी विद्यार्थिनी पोराला घेऊन जाताना थांबते. तसं जेवण लवकर संपतं.

बुधवारचे फोन जानेवारीभर आले, अगदी अकराला. फेब्रुवारीत दोन चुकले. एकदा त्याला बाहेरगावी जावं लागलं, एकदा त्यानं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दुसऱ्या वेळी मी बारा वाजेपर्यंत थांबले आणि मग स्वतः फोन लावला. आधी मी असं कधी केलं नव्हतं, त्याला कामात त्रास नको म्हणून. तो म्हणाला, "बरं झालं केलास." आम्ही लग्नातल्या जेवणाबद्दल बोललो, सूनबाईच्या पाठदुखीबद्दल बोललो. माझ्या पावलांचा विषय निघाला नाही.

सिस्टर मार्चपासून मैदानावर येत नाहीत. त्यांची मुलगी नागपूरला बाळंत व्हायची आहे, तिथं गेल्या आहेत, पावसाळ्यापर्यंत येणार नाहीत. जाताना म्हणाल्या, "तिथं नऊ माणसं होतील, मॅडम. मले तुमच्या घरी ठेवा." मी म्हटलं, चला. त्या हसल्या आणि गेल्या. आता मी एकटीच चालते. गुडघ्यामुळे पंचेचाळीस मिनिटांच्या वर जात नाही.

परवा डॉक्टरांकडे गेले होते. वजन एकाहत्तर भरलं. साखर पूर्ण उतरली नाही, पण जी वर चढत होती ती थांबली आहे. गोळी सध्या चालू ठेवायची, ते म्हणाले. मी फोन दाखवला नाही, त्यांनीच मागितला. बोटानं वरखाली केलं.

"अब सही लिख रही हैं," ते म्हणाले.

मला सांगायचं होतं की तेव्हाही मी एक घाससुद्धा खोटा लिहिला नव्हता, खाणं सगळं खरं होतं, चूक चालण्यात होती, आणि ती कशी झाली हे सांगायला थोडा वेळ लागेल. पण दारात पुढची बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, मूल रडत होतं. मी धन्यवाद म्हणून उठले. रिपोर्टचा फोटो बाहेर पायऱ्यांवरच काढला आणि मुलाला पाठवला. मग बाजारातून पालक घेतला, आणि ऊन चढायच्या आत घरी आले.